शटरपाशी

बाई दुकानात शिरली तेव्हा मेहरीनने आधी तिच्या हातातला मोबाईल पाहिला. त्यावर तोच फोटो होता.

"ह्यो फोटू तू काढलास?"

"हो, काकू."

"मी पुष्पावती. निकिताची आई. खाली तुमच्या दुकानाचं नाव हाय, म्हणून शोधत आले." बाई स्टुलावर बसली आणि पदराने कपाळ पुसू लागली. पारनेरहून एसटीने आली होती.

निकिताच्या घरचं कुणीतरी येईल, हीच भीती घेऊन मेहरीन चार दिवस फिरत होती. निकिता सुप्याला एमआयडीसीत पॅकिंगचं काम करायची आणि रविवारी दुपारी एका बंद पडलेल्या पोल्ट्रीच्या शेडमध्ये गायची. गायची म्हणजे ओरडायची. गिटारवर एक वेल्डर, ड्रमवर फोर्कलिफ्ट चालवणारा. बँडचं नाव 'ब्रेकडाऊन'. मशीन बंद पडलं की कामगार म्हणतात, तेच. असल्या गाण्याला पंक म्हणतात हेही त्यांना नंतर कळलं. सुपरवायझरला तोंडावर जे बोलता येत नाही ते तिथे घसा फाडून म्हणायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पहिल्या रविवारी ऐकायला नऊ जण होते. दहावी मेहरीन, मामूच्या या फोटो स्टुडिओत लग्नाचे अल्बम करून विटलेली. त्यानंतर आठ महिने तिने एक रविवार चुकवला नव्हता. आपल्याकडे काहीतरी नवं जन्माला येतंय आणि ते टिपणारं दुसरं कुणी नाही, या विचाराने ती झपाटली होती.

निकिताची एकच अट होती. "माझा चेहरा इन्स्टावर टाकू नकोस. घरी ओव्हरटाइम म्हणून सांगितलंय."

गेल्या रविवारी मेहरीनने तो टाकला. फोटोच तसा आला होता. मानेच्या शिरा ताणलेल्या, केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत आग. दोन दिवसांत चाळीस हजार लोकांनी पाहिला. मंगळवारपासून निकिताचा फोन बंद, ती कामावरही नाही. फोटो काढून टाकायला मेहरीनचं बोट तीनदा पुढे गेलं आणि तीनदा तिनेच ते मागे घेतलं. त्याची लाज आता तिला जाळत होती.

"काकू, निकिता बरी आहे ना?"

"घरी हाय. फोन मीच काढून घेतलाय. तिच्या बापाला अजून ठावं न्हाई." बाईने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "बाकीचे फोटू दाव."

मेहरीनने माउस हातात घेतला. तिने फोल्डर उघडला. आता बाई ओरडेल, आता रडेल, असं म्हणत ती एकेक फोटो पुढे सरकवत राहिली. पण बाई लेकीकडे बघतच नव्हती. तिने पडद्याच्या कडेला बोट टेकवलं.

"ह्यो कोपरा मोटा कर."

शेडचं अर्धं उघडं शटर. त्याच्यापाशी गर्दीच्या मागे एक तरुण, पुसट.

"जरा साफ न्हाई होत?"

"नाही होत, काकू. माझा फोकस निकितावर होता."

"माझा ल्योक हाय ह्यो, हर्षल. मोबाईलवरच्या फोटूत बी मागं त्योच वाटला, म्हणून आले." बाईने बोट पडद्यावरून उचललं नाही. "बापाशी भांडून गेला. अडीच वर्सं झाली. जिता हाय का मेला, ते बी कळलं न्हाई."

मेहरीनने मागचे सगळे रविवार उघडले. तिसऱ्या रविवारपासून तो प्रत्येक ठिकाणी होता. शटरपाशीच, एक पाय बाहेर. आणि ओरडणाऱ्या निकिताची नजर दर फोटोत त्याच कोपऱ्याकडे. ती तिची गाण्याची तऱ्हा असेल, असं मेहरीनला आठ महिने वाटत आलं होतं.

"निकीला समदं ठावं हाय," बाई म्हणाली. ती रागावली नव्हती. "त्यानं शपथ घातली आसंल."

बराच वेळ ती त्या पुसट तोंडाकडे बघत बसली. मग उठली.

"मोबाईलवरचा ह्यो फोटू काढून टाक."

"आत्ताच काढते. चुकलंच माझं, काकू. निकिताची उगीच बदनामी..."

"तिचं न्हाई गं. फोटू माझ्यापातूर पोचला हे त्याला कळलं, तर त्यो तिथं बी यायचा बंद हुईल. निकीला फोन देते, उद्या कामावर धाडते. रविवारचं ओव्हरटाइम बी करू दे तिला. मी काय बघितलं न्हाई."

दारात ती थांबली. वळून म्हणाली, "आन् पोरी, पुढच्या खेपंला त्याचा येक फोटू काढ, त्याला न कळता. गाल नीट दिसू दे. जेवतो का न्हाई, तेवढं बघते."