केसाहून पातळ पाणी

"आता बटन दाबलं तं मोटर जळंन, मॅडम," पंप मिस्त्री देवानंद म्हणाला. पंप वर ओढायची चेनपुली त्याने विहिरीवर लावूनच ठेवली होती. "बेअरिंग गेलं हाय. कान सांगते मले."

"तुमचा कान बरोबर आहे," गार्गी म्हणाली. "बेअरिंग घासतंय. पण गेलेलं नाही."

देऊळघाटजवळच्या त्या गावात पिण्याचं पाणी या एकाच सौर पंपावर होतं. आठवडाभर तो रोज सकाळी किंचाळत होता. शेगावला इंजिनिअरिंग शिकवणाऱ्या गार्गीने असल्याच बेअरिंगचं गणित कॉम्प्युटरवर मांडण्यात काही वर्षं घालवली होती. त्यांना तेल लागत नाही, ग्रीस लागत नाही. मोटर वेगाने फिरली की आतलं पाणीच केसाहून पातळ थर होऊन मोटरच्या फिरत्या दांड्याला, शाफ्टला, उचलून धरतं. कोवळ्या उन्हात मोटर मंद फिरते, थर तुटतो आणि धातू घासतो. शाफ्टभोवतीची नळी, म्हणजे बुश, किती झिजला असेल, तेही तिने गणिताने काढलं होतं. झिजला होता, पण थर धरण्याइतका शाबूत होता. कमी वेगात पंप चालूच होऊ नये, अशी सेटिंग तिने पॅनेलवर केली होती. आदल्या संध्याकाळी सरपंच जयमालाताईंना हे सगळं समजावलंही होतं.

गणित चुकलं तर मोटर जाम होऊन जळणार होती. मे महिना होता. नवी मोटर येईपर्यंत गाव कोरडं.

ऊन चांगलं वर आलं. गार्गी पॅनेलकडे निघाली. जयमालाताई आडव्या आल्या.

"खात्री हाय तुले?"

"आहे."

"अन् चुकली तं?"

"तर हे गाव मला पुन्हा दारात उभं करणार नाही. पण मी चुकलेली नाही, ताई."

जयमालाताईंनी तिला बाजूला सारलं आणि स्वतःच बटन दाबलं.

मोटर गुरगुरली. क्षणभर तीच किंचाळी उठली. देवानंदने डोळे मिटले. मग आवाज विरला, एकसारखी घुमघुम सुरू झाली आणि पाइपातून पाणी उसळलं. देवानंद चेनपुली सोडवू लागला. गार्गीला मोठ्याने हसावंसं वाटलं. सगळा धोका एकटीने पत्करून ती जिंकली होती.

ती गावात आली तेव्हा नळाला धार लागली होती. गोजरबाई हंडा घेऊन चकित होऊन उभ्या होत्या.

"मोटर जळली नाई काय वं?" त्यांनी विचारलं. "सरपंचबाई तं दिवस उगवताच दारोदारी सांगून गेल्या, 'मोटर जळाली, म्याच चालू केली होती, काय बोलाचं ते मले बोला' म्हणून."

दिवस उगवताना तर पॅनेलला कुणी हातही लावला नव्हता.