अस्सल डाग

"दाजी, हा सूट कामाचा कपडा म्हणून आयकराच्या हिशेबात खर्चात धरता येणार नाही," हिशेब बघणारा मेहुणा म्हणाला. "जो घालून लग्नाला जाता येतं, तो कामाचा कपडा नव्हे. रंगाने बरबटलेला असता तर गोष्ट वेगळी."

ठेकेदाराला तेवढं पुरेसं होतं. रंगकामाचे ठेके घेऊन वीस वर्षं झाली, पण ह्या गृहस्थाच्या नखाला कधी रंग लागला नव्हता. बोट दाखवण्यापलीकडे त्याच्या हाताला कष्ट नाहीत. रंगाऱ्यांना त्याने साधी टोपीही कधी घेऊन दिली नाही. उलट प्रत्येकाकडून 'मी स्वतंत्र ठेकेदार आहे' अशा कागदावर सही घेतली, म्हणजे कपडालत्ता आणि औषधपाणी ज्याचं त्याने बघावं. कोणी चौकशीला आलं तर दाखवायला तो कागद कायम खिशात ठेवायचा, अशी वर ताकीद. आणि स्वतःचा लोकरी सूट मात्र सरकारने सोसावा, ही साहेबांची माफक अपेक्षा!

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तो सूट मामाच्या हातात ठेवला. मामा म्हणजे त्याच्याकडचा सर्वांत जुना रंगारी. दोघांची अंगकाठी सारखीच.

"हा घालून छत रंगव. डाग अस्सल पडले पाहिजेत. खर्चात धरायचाय तो मला. आपण शिंपडले तर करवाले पकडतात लेकाचे."

मामाने सूटकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि तो अंगात चढवला.

काम डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात होतं. आज एकच खोली; ती पसंत पडली तर तिन्ही मजले. ठेकेदाराच्या हातात दुसरं काम नव्हतं. ह्या तीन मजल्यांवरच त्याचं वर्ष निघणार होतं.

दुपारपर्यंत मामाच्या दोन्ही खांद्यांवर पांढऱ्या थेंबांची रांगोळी झाली. ठेकेदाराने पुराव्यासाठी चेहरा वगळून चार फोटो काढले. आपल्या हुशारीवर तो इतका खूश झाला की त्याला हसू आवरेना. मग अंगातला जुना बुशशर्ट झटकून तो बाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"बाई, बाकीच्या कामाचं काय ठरलं?"

"ते सकाळीच तुमच्या मालकांना देऊन टाकलं," बाई म्हणाल्या. "सूट घालून आलेला आणि स्वतः शिडीवर चढणारा मालक मी जन्मात पाहिला नव्हता. आणि हात किती सफाईदार! तुम्ही त्यांच्याकडे फोटो काढायला असता ना?"

मालक मीच, असं ठेकेदाराने म्हणावं तर आपला सूट दुसऱ्याच्या अंगावर कसा, हेही सांगणं आलं. आणि खरं सांगायची त्याला सवयच नव्हती.

"अहो, तो साधा रंगारी आहे! ठेकेदार नाही तो!" शेवटी तो ओरडला.

मामा दारातच उभा होता. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढून बाईंच्या टेबलावर पसरला.

"आहे की, साहेब. ही माझी सही, ही तुमची," तो शांतपणे म्हणाला. "ह्या सूटचं बिल तेवढं माझ्या नावावर करून द्या, खर्चात मी धरतो. डाग माझेच आहेत."