ओढ्यापलीकडची वाट

मेरेआनाने बूट उपडा करून पाणी ओतलं. शेजारी तिचे आजोबा, कोरो होहेपा, आपले मोजे पिळत होते.

पाच दिवस ती इथली दुर्मिळ रानपाल शोधत होती. सालीचा पापुद्रा न् पापुद्रा उचलून पाहिला, ढोलीत आरसा धरून पाहिलं. मान धरली होती, नखांत शेवाळ भरलं होतं. रस्तेवाल्यांनी लिहून दिलं होतं, एक जरी पाल सापडली तर या रानातून जाणारा रस्ता टेकडीला वळसा घालून नेऊ. आजचा दिवस शेवटचा. उद्यापासून करवती. सकाळी रानाच्या कडेला कोरोंनी टोपी काढून प्रार्थना म्हटली, तेव्हा ‘आमीन’ म्हणायचंही त्राण तिच्यात नव्हतं.

"जन्म इथे गेला तुमचा. एकही दिसली नाही कधी?"

"पहिल्या दिवशीच सांगितलं ना, नाही. देवाने दाखवूही नये. पाल आडवी आली की घरातलं माणूस जातं."

तिने पावाचा तुकडा मोडला आणि नकाशा मांडीवर घेतला. सगळीकडे तिच्या फुल्या होत्या. एक कोपरा तेवढा कोरा.

"कोरो, इथून सरळ पायवाट आहे की. त्या वाकलेल्या राताच्या झाडाखालून. मग या वयात ओढ्यातून का येता?"

"तूही येतेसच की."

"तुम्ही लहानपणी हात धरून आणलंत, म्हणून."

"मला माझ्या बापाने आणलं. त्याला त्याच्या बापाने."

"पण का?"

खुळ्या पोरीकडे पाहावं तसं कोरोंनी तिच्याकडे पाहिलं. "तिथे त्या असतात ना."

पाव तिच्या हातातच राहिला.

"पाच दिवस, कोरो!"

"तू विचारलंस दिसली का. दिसू नये म्हणूनच तर पाय भिजवतो."

कोरो उठले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "चल. ऊन उतरतंय."

राताच्या खोडावर, दगडफुलाच्याच रंगाच्या, दोन पाली ऊन खात पडल्या होत्या. मेरेआनाने फोटो काढले. कोरोंचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"आहेत?"

"आहेत."

"मग चल लवकर."

आठवड्याने रस्ता वळवल्याचं पत्र आलं. शोधताना झाडांना बांधलेल्या खुणेच्या दोऱ्या सोडवायला दोघं निघाली. ओढ्याशी मेरेआना वाकली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली.

"आता कशाला?" कोरो म्हणाले. "सरळ वाट माहीत झाली ना तुला."

"तिथे त्या असतात ना," ती म्हणाली आणि गार पाण्यात उतरली.