पोचे आलेलं पातेलं

"छान झालंय गं, पण तिच्या हाताची सर नाही," लग्नानंतरच्या पहिल्याच घासाला नवरा म्हणाला होता. ती म्हणजे त्याची वारलेली पहिली बायको. तो घास हिच्या घशात अजून अडकलेला.

पुढे शेजारच्या काकू बजावून गेल्या, "अगं, अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट शिजवू नको. माणूस विसरभोळा होतो म्हणे!" आळीनं भराभर स्टील घेतलं. हिनं मात्र तेच पोचे आलेलं पातेलं वर्षानुवर्षं शेगडीवर चढवलं.

आता नवऱ्याच्या ओळखी पुसत चालल्या होत्या. दवाखान्यात त्यानं हिलाच विचारलं, "बाई, आमची मंडळी दिसली का हो कुठे? गालावर तीळ आहे बघा तिच्या."

तीळ पहिलीच्या गालावर होता.

लेक रडवेली झाली. "डॉक्टर, हे त्या पातेल्यामुळेच झालं ना?"

"तसं काही सिद्ध झालेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

"तरी पण आई, काकू एवढं सांगत होत्या, तर टाकायचं नाहीस का गं ते?"

हिनं नवऱ्याच्या सदऱ्याचं सुटलेलं बटण लावलं.

 

"मला वाटलं, निदान तिला तरी विसरतील."