एक मिलिग्रॅमच्या खाली

"आज बाटल्या न्यायला नाही आले, मावशी. एक सांगायचं होतं."

लीलाबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मितालीचा चेहरा पाहून त्यांनी सूप बाजूला सारलं आणि गुडघ्यावर हात देत उठल्या.

"सांगशीन. पह्यले बस. चहा मांडतो."

मिताली बसली. यवतमाळहून घाटंजीपर्यंत एसटीत आणि तिथून गावापर्यंत ऑटोत तिने वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही तोंडून निघेना.

या गावाच्या हातपंपाला फ्लोराइडचं पाणी. पोरांचे दात तपकिरी, चाळिशीतल्या माणसांचे सांधे धरलेले. गरिबाला परवडेल असा, चुलीजवळ ठेवता येईल असा फिल्टर बनवायचा, हा मितालीच्या पीएचडीचा विषय. हातपंपाच्या पाण्यात लिटरमागे चार मिलिग्रॅम फ्लोराइड निघायचं. ते एकच्या खाली आणायचं होतं.

पहिला फिल्टर विटांच्या भुकटीचा. वर्षभर राबून तो फसला, तेव्हा ती याच ओसरीवर ढसाढसा रडली होती. लीलाबाईंनी तिला पोटाशी धरलं, भाकर खाऊ घातली. "होशीन तू पास. मी हावो ना," म्हणाल्या.

दुसरा फिल्टर मात्र चालला. दोन वर्षं तो लीलाबाईंच्या स्वयंपाकघरात होता. झाकण उघडायचं नाही, एवढी एकच अट. मिताली तारखांच्या चिठ्ठ्या आधीच बाटल्यांवर चिकटवून द्यायची, लीलाबाई दर सोमवारी एक बाटली भरून ठेवायच्या आणि महिनाअखेरी मिताली त्या घेऊन जायची. शंभराच्या वर बाटल्या झाल्या. एकही एक मिलिग्रॅमच्या वर गेली नाही.

"इतका सरळ डेटा मी नोकरीत पहिल्यांदा पाहतोय," गाईड सर म्हणाले होते. जिल्ह्यातल्या तीस शाळांमध्ये हा फिल्टर बसवायचं ठरलं होतं. परवा तोंडी परीक्षा होती.

लोक अभिनंदन करायचे आणि मितालीची मान खाली जायची. तिचा लाजरेपणा, असं सगळ्यांना वाटायचं.

लीलाबाईंनी चहाची कपबशी तिच्यापुढे ठेवली. तिने ती उचलली नाही.

"मावशी, फिल्टरमध्ये कोळसा आहे असं मी सांगितलं होतं ना? तो लाकडाचा नव्हता." ती थांबली. "हाडांचा होता. गुरांची हाडं भट्टीत जाळून केलेला."

लीलाबाईंचा हात गळ्यातल्या तुळशीच्या माळेकडे गेला.

"त्यात अपायाचं काही नसतं, पण..." मिताली अडखळली. हे वाक्य तिने स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं होतं की तिला त्याचा वीट आला होता. "ते जाऊ दे. खरं सांगते. आधी मी तो फिल्टर आमच्या घरी नेला होता. आईला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ही घाण माझ्या स्वयंपाकघरात नको. मी मुकाट्याने उचलून गच्चीवर नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तोच तुमच्या चुलीजवळ आणून मांडला."

अंगणात शेजाऱ्यांची एक कोंबडी माती उकरत होती.

"फॉर्मवर 'नैसर्गिक कोळसा' असं लिहून तुमचा अंगठा घेतला. विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाल्या असत्या, म्हणून विचारलंच नाही. माझ्या आईला नाही म्हणता आलं. तुम्हाला मी तेवढीही संधी दिली नाही. तुमच्या देवाच्या नैवेद्यालाही तेच पाणी..."

तिने वाकून लीलाबाईंचे पाय धरले.

"परवा परीक्षकांपुढे मी हे सांगणार आहे. पदवी अडली तर अडू दे. पण त्याआधी तुमच्यासमोर यायचं होतं."

लीलाबाईंनी तिला दंडाला धरून उठवलं. त्या रागावल्या नव्हत्या. पण मितालीच्या डोळ्यांत पाहायचंही टाळत होत्या.

"तू नको शरमू, पोरी. मले तं पह्यल्याच दिवशी समजलं होतं."

"काय?"

"फिल्टर भरताना तुया हातून मूठभर कोळसा बालटीत सांडला होता. चाळीस वर्षं झाली मले चुलीपाशी. लाकडाचा कोळसा पाण्यावर तरंगते. तुया तं गोट्यावानी तळाशी जाऊन बसला. मंग वास घेतला, आन् समजून गेलो."

"मग तुम्ही तेव्हाच का नाही बोलल्या?"

"तू किती आशेनं आली होती. तुले कसं म्हणू? तू गेल्यावर सारा उपसला अन् वावरात नेऊन पुरला. त्याच्या जागी चुलीतला कोळसा भरून ठेवला. झाकण जसंच्या तसं लावून टाकलं."

मिताली त्यांच्याकडे पाहतच राहिली. चुलीतल्या कोळशाने फ्लोराइड निघत नाही, हे तिनेच प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं.

"पण मावशी, बाटल्यांतलं पाणी तर चांगलं निघालं. दर वेळी. शंभरच्या शंभर बाटल्या."

लीलाबाईंनी पदराने तोंड पुसलं.

"दुसऱ्या खेपीलेबी नापास झाली असती तं तुयं काय झालं असतं? म्हणून माह्या पोराले, रवीले सांगून दर बाजाराले घाटंजीहून मशीनच्या साफ पाण्याची कॅन आणवत होतो. तुयी एकूणएक बाटली मी त्याच्यातूनच भरली."