आमची डॉक्टरीण

"या डॉक्टरीणबाई!" हळदीकुंकवाला आम्ही दोघी गेलो, तर शेजारच्या नलूने माझ्या नातीला थेट आतल्या खोलीत नेलं. तिची सासू चार महिने अंथरुणाला खिळलेली, पाठीची जखम चिघळलेली. "बघ गं, कुठलं औषध देऊ?"

करणी माझीच. नात नर्सिंगला लागली तेव्हा "लोकांचं हागणं-मुतणं काढायला आमच्या घरातली पोर?" म्हणून मी तिच्यावर तोंड सोडलं होतं आणि गल्लीत सांगितलं होतं, पोरगी डॉक्टरकी शिकते.

पोरीने एकदा माझ्याकडे बघितलं. मी भिंतीकडे बघितलं.

"काकू, मी नर्सिंगला आहे. औषध डॉक्टर देतील, आजच बोलवा त्यांना," म्हणत तिने साबणाने हात धुतले, म्हातारीला अलगद कुशीवर वळवलं आणि अंगाखालचं ओलं धडपं काढलं. म्हातारीला बरं वाटून रडूच आलं.

"अगं, पण तुझी आजी तर डॉक्टरकी म्हणाली!" नलू माझ्याकडे वळली. दारात बायका जमल्याच होत्या.

"आजीने दुसरीत शाळा सोडली ना काकू, तिला त्यातलं कळत नाही," नात हसत म्हणाली.

मला सगळं कळत होतं. तरी मान खाली घालून म्हटलं, "हो बाई, आम्ही अडाणी."