गॅरेजचं दार

बाळाजी अलिबागजवळच्या एका बंगल्याची एकट्याने राखण करायचा. दर शनिवारी मुंबईहून सुश्रुतसाहेब येऊन हॉर्न द्यायचे आणि तो धावत जाऊन गॅरेजचं दार उघडायचा.

यंदा साहेबांनी नवी गाडी घेतली. तिच्या आरशाखालीच दार उघडायचं बटण होतं. ते दाराला बसवलेल्या नव्या मोटरशी जोडून घ्यायला बाळाजीच स्टुलावर चढला. त्याने मोटरवरचं बटण दाबलं, साहेबांनी लगेच गाडीतलं. दार आपोआप वर गेलं.

"आता तुम्हाला धावायला नको, बाळाजी."

"व्हय, साहेब."

पुढचे दोन शनिवार तो पोचेपर्यंत गाडी आत गेलेली असे. दार खाली आलेलं असे. साहेब आतल्या आत बंगल्यात जात आणि कामं फोनवर लिहून पाठवत.

तिसऱ्या शनिवारी दार हललंच नाही. हॉर्न वाजला. बाळाजीने येऊन दार हातांनी वर केलं. साहेबांनी काच खाली घेतली.

"मोटर बिघडली वाटतं. बाकी तुम्ही बरे आहात ना?"

"बरा हाय, साहेब."

एवढं ऐकण्यासाठीच त्याने सकाळी मोटरची पिन काढून ठेवली होती.